दिलेली अक्षरं

गळीत हंगाम सुरू झाला की सणसरला आमच्या घरी पांढरे कपडे अंगणातल्या दोरीवर वाळत घालत नाहीत. कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडते. एकेक काळा तुकडा सावकाश तरंगत येतो आणि हात लावाल तर तिथंच फासला जातो. फुंकर मारायची, बोट लावायचं नाही, हा आईचा नियम. आई गेली, तरी नियम चालू आहे. यंदा रजा काढून गावी आले आणि सकाळी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले, तर मराठीत लिहिलेल्या अर्ध्या वाक्यावर काजळी येऊन बसली. मी फुंकर मारली. काजळी गेली, वाक्य राहिलं. आणि तात्यांची अशी आठवण आली की ते वाक्य काही पुरं होईना.

लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे. माझी मुलगी त्यावरून मला चिडवते. "आई, तुझ्या ऑफिसात सगळे एक वापरतात आणि तू भलतंच घेऊन बसतेस." काही घरांत चहाची एकच पुडी पिढ्यान्‌पिढ्या येते, दुसरा चहा उतरतच नाही, तसं काहीतरी मी तिला सांगते आणि विषय मिटवते. खरं कारण मी तिला अजून सांगितलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. या दिवसांत हवेला मळीचा आंबूस वास असायचा, आजही आहे. मोठ्यानं गाणी लावलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या बारामती-इंदापूर रस्त्यानं ओळीनं जायच्या. रस्त्यावर सांडलेलं कांडं उचलायला पोरं धावायची. कॅनॉलच्या कडेला ऊसतोडीच्या टोळ्यांच्या खोप्या पडायच्या, आणि सकाळच्या थंडीत त्यांच्या चुलींचा धूर जमिनीलगत साचून राहायचा. मी तेव्हा रोज एसटीनं बारामतीला जाऊन एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. जाताना खिडकीतून ट्रॉल्यांवरची नावं वाचायचा मला नाद होता. त्यातली निम्मी नावं माझ्या वडिलांनी काढलेली असायची.

माझे वडील, तात्या, पेंटर होते. चित्रं काढणारे नव्हेत, अक्षरं काढणारे. बारामतीत एसटी स्टँडजवळ एका अरुंद गाळ्यात ते दुकानांच्या पाट्या, डॉक्टरांचे बोर्ड, ट्रकचे नंबर, पाण्याच्या टाक्यांवरची गावांची नावं असं काय काय रंगवायचे. त्यांच्या अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास यायचा. जेवताना आई म्हणायची, "वांग्याचं केलंय, पर तुमास्नी लागणार रंगाचंच." दसऱ्याआधी ट्रॉलीवाल्यांची रांग लागायची. तात्या खडूत भिजवलेला दोरा ताणून धरायचे, चुटकी मारल्यासारखा सोडायचे, आणि पत्र्यावर पांढरी रेघ उमटायची. मग त्या रेघेवरून ब्रश असा जायचा की बघणाऱ्यानं श्वास रोखावा. रेघ झाली की तिच्याखाली अक्षरं. सगळं झालं की खाली कोपऱ्यात, अगदी बारीक, स्वतःचं नाव. बोर्ड पुरा झाल्याशिवाय ते नाव घालत नसत. एकदा एका किराणावाल्यानं घाई केली, उरलेली ओळ नंतर बघू म्हणाला. तात्यांनी बोर्ड दिला, पण नावाशिवाय.

त्यांच्या धंद्यातली दुसरी एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात पाहिली नाही. इंदापूरच्या एका दुकानाचा बोर्ड उन्हानं उडाला होता. मालक तात्यांना म्हणाला, जरा हात फिरवून द्या. कोपऱ्यात दुसऱ्या पेंटरचं नाव होतं. तात्या रंगाचा डबा न उघडता त्या पेंटरचं घर शोधत गेले. मी बरोबर होते, शाळेला सुट्टी असावी. म्हातारा पेंटर बाजेवर पडून होता, डोळ्यांत मोतीबिंदू. तात्या चहा घेईपर्यंत कामाचं बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या बोर्डाला हात लावू का?"

"लावा की. मला काय दिसतंय आता," म्हातारा म्हणाला. "पर अक्षराचं वळण माजं हाय, ते मोडू नगा."

"न्हाय मोडत."

आणि तात्यांनी तो बोर्ड म्हाताऱ्याच्याच वळणानं उजळला. कोपऱ्यातलं नावही त्याचंच पुन्हा काढलं, आपलं घातलं नाही. परतीच्या एसटीत मी विचारलं, मेहनत तुमची, मग नाव त्यांचं का? तात्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "अक्षर त्येचं हाय, बाय."

मग तात्यांचा हात थरथरायला लागला. आधी नुसती करंगळी. आई म्हणाली थंडीनं असेल. एका दसऱ्याला ओळखीच्या ट्रॉलीवाल्याचं नाव काढताना रेघ मध्येच डगमगली. तात्यांनी ती टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा डगमगली. ट्रॉलीवाला भला माणूस, म्हणाला, "राहू द्या तात्या, घाई न्हाय." आठवड्यानं मी एसटीतून पाहिलं, त्याच ट्रॉलीवर रेडियमची चकचकीत अक्षरं चिकटवलेली होती. मी घरी काही बोलले नाही. पण तात्यांनीही ती ट्रॉली पाहिलीच असणार. डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या, आणि बारीक काम आता सोडा म्हणाले. बारीक काम सोडा म्हणजे काय, हे त्यांना कुठून कळावं. गाळा बंद झाला. तात्या घरी बसले, आणि बसल्या जागी उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवायची सवय त्यांना लागली.

क्लासनं नवे संगणक घेतले तेव्हा जुन्यांतला एक मी घरी आणला. पुढच्या खोलीत लाकडी खोक्यावर मांडला. तात्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "ह्याच्यात रेघ सरळ येती का?"

मी त्यांना दाखवलं. त्यात विंडोज होतं आणि मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअरही होतं. एक कळ दाबली, अक्षर उमटलं, वर शिरोरेघ, काठीसारखी सरळ. तात्या खुर्ची ओढून जवळ आले. किती तरी वेळ ते त्या एका अक्षराकडं पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कधीचं न दिसलेलं काहीतरी आलं, आणि मला वाटलं, चला, माणूस परत आला.

"वळण चांगलं हाय," ते म्हणाले. "कुणी काढलं ह्ये?"

"एका कंपनीनं."

"आन् तुला दिलं?"

मी हसले. म्हटलं, "तात्या, हे कुणी विकत घेत नाही. बारामतीच्या डीटीपी सेंटरवाल्याकडनं क्लासनं कॉपी केलं, क्लासमधून मी. सगळीकडं असंच चालतं."

तात्यांनी खुर्ची मागं सरकवली. आमचं बौद्धाचं घर. दिवेलागणीला आई बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावायची आणि आम्ही तिघं मिळून पंचशील म्हणायचो. लहानपणापासून ते इतकं तोंडात बसलेलं, की म्हणताना माझं लक्ष सैपाकाच्या वासाकडं असायचं. त्या दिवशी दुसऱ्या शीलापाशी तात्या थांबले. जे दिलेलं नाही ते घेणार नाही, एवढंच ते शील. थांबले, मग पुढं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते त्या खुर्चीवर बसेनात.

मला राग आला, हे खरं. एवढ्या दिवसांनी या माणसाला काहीतरी हवंसं वाटलं, आणि ते समोर असताना हा डोळे फिरवून बसतो. आईचे भाऊ, बबनमामा, तर स्पष्टच बोलायचे. "पेंटर, ट्रॉलीवर रेडियम चिकटवनारं समदं कॉपीवरच चालवत्यात. त्येंचं दुकान जोरात, आन् तुमी शील घिऊन बसा."

"बसलोय की," तात्या म्हणाले. "उटून जायचंय कुठं मला."

त्याच हिवाळ्यात एका संगणक मासिकाबरोबर सीडी आली. तिच्यावर लिनक्स होतं. क्लासच्या मालकांनी ती माझ्याकडं सरकवली, हे सर्व्हरवाल्यांचं काम, आपल्या काय कामाचं, म्हणून. मी सोबतचा मजकूर वाचला. हे ज्यांनी बनवलं त्यांनी म्हटलं होतं: घ्या, वापरा, नकला करा, दुसऱ्यांना द्या, बदलावंसं वाटलं तर बदला. मी एसटीत बसून तो मजकूर पुन्हा वाचला. घरी आल्यावर चपला न काढताच तात्यांना सांगितला.

"म्हंजी दिल्यालं हाय," ते म्हणाले.

"होय."

"कुणाला?"

"घेईल त्याला."

"मग घाल."

घालणं काही सोपं नव्हतं. स्क्रीन काळी पडायची आणि काळीच राहायची. माउस एका कोपऱ्यात जाऊन रुसायचा. प्रिंटरनं तर शेवटपर्यंत ओळख दिली नाही. जिथं दोन टिचक्यांत काम व्हायचं तिथं मला ओळीच्या ओळी टाइप कराव्या लागायच्या, आणि अडलं तर विचारायला सबंध तालुक्यात कुणी नव्हतं. मामा येता-जाता म्हणायचे, "काय पोरी, फुकटचा बैल दात दावतोय व्हय?" पण एका रविवारी सकाळी निळसर पडदा उजळला, खिडक्या उघडल्या, बाण हलायला लागला. मी तात्यांना हाक मारली. ते अंघोळ करून, टोपी घालून आले, पाहुण्यांकडं जावं तसे.

"आता काड अक्षर."

मी कळ दाबली. इंग्रजी अक्षर उमटलं. तेव्हा मला जे आठवलं ते आधी कसं सुचलं नाही, कोण जाणे. यात मराठी नव्हतीच. शोधशोध शोधलं. नव्हती.

तात्या स्क्रीनकडं बघत म्हणाले, "मराठी कुणी काडली न्हाय अजून?"

"नाही काढली."

"का?"

आपली भाषा नसलेल्या घरात आपण नुकतेच राहायला आलो, आणि जुनं विंडोजचं घर स्वतःच मोडून टाकलं, एवढंच मला दिसत होतं. आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. तात्यांनी उजवा हात डाव्यात धरला. मग म्हणाले, "कुणी काडली तर चालती का त्येंना?"

"चालते. ते म्हणतात, बदला."

"मग आपुन काडू."

त्या सीडीवर अक्षरं घडवायचा एक साधा प्रोग्रॅम होता. पडद्यावर आलेखाच्या कागदासारखी चौकोनांची जाळी यायची. बाणाच्या कळांनी एकेका चौकोनावर जायचं, लांब कळ दाबली की तो चौकोन काळा व्हायचा, पुन्हा दाबली की पांढरा. ब्रश नको, मनगट नको. पण तात्यांचा हात एकदा दाबायला गेला की दोनदा दाबायचा. चौकोन काळा होऊन लगेच पांढरा व्हायचा. तात्या दाबत राहायचे आणि पडद्यावर काही उरायचं नाही. ते पाहणं मला झेपेना. मी शोधून काढलं, की थरथरत्या हातांसाठी सिस्टिममध्येच एक सोय होती: कळ लगोलग पुन्हा दाबली गेली तर मोजायची नाही. कुण्या दूरच्या माणसानं असा हात कधीतरी पाहिला असेल आणि सोय करून ठेवली असेल. मी ती चालू केली.

तात्यांनी पहिल्यांदा अक्षर काढलंच नाही. त्यांनी रेघ काढली. एक चौकोन, त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेरून ट्रॉल्या जात होत्या, खिडकीची काच हलत होती, तात्यांचा हातही हलत होता. रेघ हलली नाही. टोकाला पोचल्यावर ते मागं टेकले.

"सरळ आली," ते म्हणाले, आणि रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

तो हंगाम मग असाच गेला. सकाळी ऊन पायरीवर आलं की तात्या बसायचे. पेंटर कधी अ पासून सुरू करत नाही, हे मला तेव्हा कळलं. आधी रेघ, मग उभा दांडा, मग व. व आला की पोट कापून ब, शेपूट जोडून क. पहिला शब्द जमला तो 'काका'. आमच्या घरात कुणी काका नव्हतं. आम्ही तिघंही इतकं हसलो की शेजारची बाई डोकावली. लाईट जायची तेव्हा सकाळचं सगळं काम जायचं. म असा दोनदा गेला. तात्या म्हणायचे, जाऊ दी, दुसऱ्या बारीला चांगला येतो. हुरड्याच्या दिवसांत मोरगावच्या मावशीनं कणसं पाठवली, ती भाजून आई त्यांच्या डाव्या हातात दाणे द्यायची आणि उजवा हात कीबोर्डवर चालू असायचा. मी संध्याकाळी क्लासहून आले की दिवसभराचं अक्षर दाखवायचे. मी छान म्हटलं की म्हणायचे, "छान न्हाय, कंबर जाड झाली." आणि दुसऱ्या दिवशी ती कंबर बारीक करायचे.

एकदा मी म्हटलं, तुमच्या नावापुरती अक्षरं तरी झाली, घाला की नाव. त्यांनी मान हलवली. "समदी झाल्याबिगर न्हाय. नाव शेवटी." समदी झाल्यावर काय करायचं, तेही त्यांनी ठरवलं होतं. मी ती सीडीवर घालून मासिकाकडं पाठवायची, म्हणजे ज्यांनी आपल्याला दिलं त्यांना आपलंही काही दिल्यासारखं होईल.

शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं. ट्रॉल्या विरळ झाल्या, टोळ्यांनी खोप्या मोडल्या. तात्यांच्या छातीत कफ धरला आणि तो उतरेना. बारामतीच्या दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"किती ऱ्हायली?"

"थोडीच, तात्या. आणि जोडाक्षरं."

"जोडाक्षरं समदी?"

"समदी."

त्यांनी डोळे मिटले. "मग नगं. नाव नगं घालू," म्हणाले. त्यानंतर ते आईशी थोडं बोलले, पाणी मागितलं, पण अक्षरांचं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले.

पुढं काही वर्षांनी लिनक्समध्ये मराठी आली. पुण्यात ऑफिसात बसल्या बसल्या ती मला पहिल्यांदा दिसली, जोडाक्षरांसकट, आणि मी उठून तोंड धुऊन आले. कुणी तरी कुठं तरी बसून ती सगळी काढली होती आणि घ्या म्हटलं होतं. मी त्यांना ओळखत नाही. त्यांच्या वळणात तात्यांची कंबर नाही. तात्यांची अर्धी अक्षरं त्या जुन्या संगणकात होती, आणि एके दिवशी त्याची डिस्क खरखरली नि कायमची बंद पडली. मी ती पुरी करू शकले नसते. मला संगणक येतो, अक्षर येत नाही.

पण मला सारखी आठवते ती तात्या गेले त्यानंतरची सकाळ. गावात कुणी वारलं की चौकातल्या फळ्यावर खडूनं नाव लिहायची पद्धत. वर्षानुवर्षं ते तात्याच लिहायचे, जात-आळी न बघता, हातातलं काम टाकून. हात गेल्यापासून फळा तसाच मोकळा पडलेला असायचा. आता तात्यांचंच नाव लिहायचं होतं. मामा धावपळीचे, ते पहाटेच बारामतीला जाऊन आले आणि आमच्यात माणूस गेल्यावर करतात त्या जलदान विधीचे छापील कागद घेऊन आले. एक मोठा, फळ्यावर डकवायला. माणसानं जीव टाकून केलं होतं. काळी चौकट, मध्ये तात्यांचा फोटो आणि त्याखाली तात्यांचं नाव, सेंटरवाल्याच्या त्याच कॉपी केलेल्या अक्षरांत. शिरोरेघ काठीसारखी सरळ.

आईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद मांडीवर घेतला आणि फोटोवरून नाही, नावावरून बोट फिरवलं.

"बबन, ह्ये कुटनं आनलं?"

"सेंटरातनं, आक्का. चांगलं आलंय की."

"दिल्यालं हाय का?"

मामांना वाटलं ती पैशाचं विचारते. "दिलं, दिलं," ते म्हणाले. आई माझ्याकडं बघत राहिली. मी मान हलवली, नाही म्हणून.

तिनं कागद उलटा करून बाजूला ठेवला. "तू लिव," मला म्हणाली. "हातानं लिव. कसं का ईना."

मी खडू घेऊन चौकात गेले. माणसं बाजूला झाली. फळ्यावर आधी रेघ ओढली, ती वाकडी आली. पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा वाकडी. मग तशीच राहू दिली आणि तिच्याखाली माझ्या वडिलांचं नाव लिहिलं.